ओंबील आणि उसने शब्द

मराठी वाङ्मयात मुंगीला जे स्थान मिळाले आहे ते तिच्या आकाराच्या मानाने बरेच मोठे म्हणावे लागेल. मुक्ताबाईंच्या कूटात ती आहे, तुकोबांच्या अभंगात आहे, आणि क्रमिक पुस्तकांतून तर ती पिढ्यान्‌पिढ्या उद्योगशीलतेचे धडे देत आली आहे. मुंगीच्या पावलांनी येणे, मुंगीला पंख फुटणे, मुंगी होऊन साखर खाणे हे वाक्प्रचार कुणाही विद्यार्थ्याला पाठ असतात. मात्र ही मुंगी जवळजवळ नेहमी जमिनीवरची, स्वयंपाकघराच्या कोनाड्यातली, साखरेच्या डब्याच्या वासावर असलेली. जी झाडावरच जन्मते, तिथेच घर बांधते, लढते आणि बहुधा तिथेच मरते, अशी मुंगी आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. आणि आमचा परिचय नेमका तिच्याशीच अधिक, कारण आमच्या घराच्या परड्यात एक जुना रायवळ आंबा आहे आणि त्याच्यापुढे थोडी हापूसची कलमे.

दक्षिण कोकणात तिला ओंबील म्हणतात. रंगाने तांबूस, अंगाने सडपातळ, पायांनी लांब, आणि धीट इतकी की माणूस जवळ आला तर पळून न जाता मागच्या पायांवर उठून जबडे उघडते. तिला नांगी नाही. ती कडकडून चावते आणि पोटाचे टोक पुढे वळवून चाव्याच्या जागी फॉर्मिक आम्ल सोडते. ह्याच आम्लाच्या आंबटपणासाठी बस्तरात तिची चटणी करतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याकडे मात्र तिला खाण्याची रीत नाही. तिच्याकडून चावून घेण्याची आहे.

शास्त्रात तिचे नाव इकोफिला स्मॅराग्डिना. ह्यातला पहिला शब्द ग्रीक, घर आणि पान ह्या दोन शब्दांपासून बनलेला. दुसऱ्याचा अर्थ पाचूच्या रंगाची. हे दुसरे नाव १७७५ साली फाब्रिसियस ह्या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने दिले. आमच्या आंब्यावरची ओंबील पाचूसारखी मुळीच दिसत नाही, म्हणून हे नाव आम्हांला बरेच दिवस कोड्यात टाकी. मग कळले की हिची राणी हिरवी असते, आणि उत्तर ऑस्ट्रेलियात ह्याच जातीच्या कामकरी मुंग्यांचे पोटही हिरवे असते. नाव ठेवणाऱ्याने कुणाकडे पाहून नाव ठेवले, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यालाही परका नसावा. लाखो तांबड्या मुंग्यांच्या जातीला एका हिरवीचे नाव मिळालेले आहे.

तिचे घर म्हणजे जिवंत पानांचा एक गोळा. झाडावरची हिरवी पाने न तोडता एकमेकींकडे ओढायची आणि रेशमाने शिवून टाकायची. पाहणाऱ्याला प्रथम दिसते ते हे की एका पानाच्या काठावर मुंग्या रांगेने उभ्या आहेत, मागच्या पायांनी त्यांनी आपले पान धरले आहे आणि जबड्यांनी शेजारच्या पानाची कड. अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, तिची तिसरी, आणि साखळी तयार होते. अशा साखळ्या शेजारी शेजारी लागल्या की आंब्याचे जून, ताठ पानही वळू लागते. ह्या कामावर मुकादम नसतो. आरंभी इथेतिथे नुसतीच ओढाताण चाललेली असते. जिथे पान जरासे हलते तिथे आणखी मुंग्या येऊन लागतात, जिथे हलत नाही तिथल्या काही वेळाने दुसरीकडे जातात. आराखडा कुणाच्याच डोक्यात नसतो आणि घर मात्र होते. परीक्षेत निबंध लिहिणारे आमचे काही विद्यार्थी ह्याच पद्धतीने लिहितात, पण त्यांचे घर होत नाही, हा भाग वेगळा.

१७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजावरील जोसेफ बँक्सने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ही पाने वळवणारी मुंगी पाहिली आणि आपल्या रोजनिशीत तिचे वर्णन लिहून ठेवले. पाने चिकटवणारा पदार्थ त्यालाही दिसला होता. तो नेमका येतो कुठून, ह्याचा उलगडा व्हायला पुढे शतकभराहून अधिक काळ जावा लागला. उत्तर अनपेक्षित होते. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही. रेशीम आहे ते तिच्या अळीजवळ. पाने जुळली की काही मुंग्या घरट्यातून वाढ होत आलेल्या अळ्या जबड्यात धरून आणतात. मुंगी आपल्या मिशांनी पानाची कड चाचपते, अळीच्या डोक्यावर हलकेच थापटते, आणि अळीच्या तोंडातून धागा सुटू लागतो. मग तिला ह्या पानापासून त्या पानापर्यंत, पुन्हा ह्या पानापर्यंत असे फिरवीत राहायचे.

ह्यावरून मराठीत तिला विणकर मुंगी म्हणतात, इंग्रजीतही तसेच म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण तो कुणाला लागू करायचा? जिच्या हालचालीने वीण पडते तिच्याजवळ सूत नाही, आणि जिच्याजवळ सूत आहे ती हलत नाही. मागावरचा धोटा आणि धोट्यातले सूत दोन्ही इथे एकच, आणि ते जिवंत. अळी त्या वेळी अंग ताठ करून निमूट राहते. आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक विचारात पाडणारी वाटली. मुंग्यांच्या पुष्कळ जातींत अळी आपले रेशीम स्वतःभोवती गुंडाळून कोष करते आणि त्या कोषात सुरक्षितपणे तिचे रूपांतर होते. ओंबिलीच्या अळीचे रेशीम घराच्या भिंतीत जाते. तिला स्वतःचा कोष नसतो. ती उघडीच पडून राहते, आणि तिच्याभोवती जे आवरण असते ते सगळ्यांचे मिळून असलेले घर. कुणी ह्याला त्याग म्हणेल, कुणी वेठबिगार म्हणेल. अळी ह्यातले काहीच म्हणत नाही. ओंबिलीकडे पाहताना आम्हांला पहिला सावधपणा इथे शिकावा लागला. एका निमूट देहावर कोणते नाव चढवायचे, हे आपण त्या देहाकडे पाहून ठरवतो की आपल्या घरातल्या एखाद्या आठवणीकडे?

भाषेच्या माणसाला ह्या मुंगीत आणखी एक आकर्षण आहे. तिचे बोलणे बहुतांशी वासाचे. १९७५ साली ब्रॅडशॉ, बेकर आणि हाउस ह्या संशोधकांनी हिच्या आफ्रिकेतल्या बहीण-जातीचा, इकोफिला लाँजिनोडाचा, धोक्याचा इशारा उलगडून दाखवला. चिडलेली मुंगी जबड्याजवळच्या ग्रंथीतून एकाच वेळी अनेक रसायने सोडते, परंतु ती सर्व सारख्या वेगाने पसरत नाहीत. हेक्झानाल सर्वांत लवकर हवेत उडून दूरवर जाते आणि मुंग्यांना नुसते सावध करते. त्यामागून हेक्झानॉल पोचते आणि त्यांना जागेकडे खेचते. जड, मंद उडणारी रसायने मूळ जागेपाशीच रेंगाळतात. तिथे पोचलेली मुंगी समोर परके जे काही असेल त्याला चावते. म्हणजे उच्चार एका क्षणाचा, पण ऐकणारीच्या वाट्याला तो क्रमाने येतो. आधी ‘जागी हो’, मग ‘इकडे ये’, मग ‘चाव’. ह्या वाक्यातला पदक्रम बोलणारीने लावलेला नाही. तो हवेने लावलेला आहे. लांब उभी असलेली मुंगी वाक्याचा पहिला शब्दच ऐकते आणि जवळची शेवटचा. व्याकरणाच्या तासाला आम्ही हे उदाहरण दोनदा दिले आणि दोन्ही वेळा वर्ग इतर दिवसांपेक्षा अधिक जागा राहिला.

ह्या मुंगीचे सोंग घेणारे जीवही झाडावर आहेत. उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला एक हुबेहूब ओंबिलीसारखा दिसतो. पायांची एक जोडी मिशांसारखी पुढे हलवीत तो चालतो, म्हणजे आठाचे सहा होतात. मुंगीच्या वाटेला न जाणारे शत्रू त्याच्याही वाटेला जात नाहीत. त्या सोंगाविषयी लिहायचे तर वेगळा लेख लागेल.

आम्हांला खरे म्हणायचे आहे ते एका शब्दाविषयी. मुंग्यांच्या समाजात राणी, नर, मोठ्या कामकरी, लहान कामकरी असे जे प्रकार असतात त्यांना इंग्रजी ग्रंथांत ‘कास्ट’ म्हणतात. डार्विनने १८५९च्या आपल्या ग्रंथात वांझ मुंग्यांविषयी लिहिताना हाच शब्द वापरला आहे. शब्द मुळात पोर्तुगीज. वंश, वाण अशा अर्थाचा ‘कास्टा’ हा शब्द पोर्तुगिजांनी हिंदुस्थानात आल्यावर इथल्या जातींना लावला, तिथून तो इंग्रजीत गेला, आणि इंग्रजीतून कीटकशास्त्रात. म्हणजे आमच्या गावगाड्याचे वर्णन करायला परक्यांनी आणलेला शब्द पुढे मुंग्यांच्या वारुळात शिरला, आणि आता मुंग्यांविषयी मराठीत लिहिताना ‘मुंग्यांच्या जाती’ म्हणून तो आमच्याकडे परत येतो. आधीच ‘जाती’ हा शब्द मराठीत जीवशास्त्रीय प्रकारालाही वापरतात, त्यामुळे गोंधळ दुप्पट. परंतु गोंधळाहून वाईट आहे ती ह्या फेऱ्यात शब्दाला चिकटलेली निसर्गाची मोहोर. मुंग्यांतही जाती आहेत, असे म्हटले की ऐकणाऱ्याला आपल्या जातीही पानाफुलांइतक्या स्वाभाविक वाटू लागतात.

हे आम्ही तर्काने सांगत नाही, कानांनी ऐकलेले सांगत आहोत. एका महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात आरक्षणाविषयी बोलणे चालले असता एक ज्येष्ठ सहकारी अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, मुंग्यांकडे पाहा. कामकरीण कधी राणी व्हायला जाते का? म्हणून तर त्यांचे चालले आहे.” कक्षात कुणी हसले नाही, कुणी विरोधही केला नाही. दाराशी चहा घेऊन आलेला शिपाई कप ठेवून निघून गेला.

सहकाऱ्यांना जे उत्तर द्यायला हवे ते मुंग्यांनीच तयार ठेवले आहे. बहुतेक मुंग्यांत कामकरीण आणि राणी ह्यांचा भेद जन्माने ठरत नाही. फलित अंड्यातून मादी निपजते. त्या मादीची राणी होणार की कामकरीण, हे मुख्यत्वे अळीच्या अवस्थेत तिला काय आणि किती खायला मिळाले ह्यावर अवलंबून असते. दोघी एकाच आईच्या, एकाच घरट्यातल्या. ज्या व्यवस्थेत आईचे आणि मुलींचे काम वेगळे, जिथे बहिणीबहिणींत अन्नामुळे भेद पडतो, तिला ‘जात’ हा शब्द लावणे म्हणजे जातीच्या व्याख्येतले सगळ्यांत महत्त्वाचे कलम, जन्म, हेच गाळून टाकणे. आणि राणी हा शब्द तरी कुठे बसतो? ओंबिलीची राणी हुकूम सोडत नाही. एका वसाहतीत पाच लाखांपर्यंत मुंग्या आणि अनेक झाडांवर पसरलेली शंभराहून अधिक घरटी असू शकतात. त्यांतल्या एखाद्याच घरट्यात ती अंडी घालीत राहते. बाकीच्या घरट्यांतल्या मुंग्यांना ती दिसतही नाही. ती मेली की ओंबिली तिच्या जागी दुसरी बसवीत नाहीत. पोरक्या कामकरिणी स्वतः अंडी घालतात, पण त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात, आणि वसाहत हळूहळू विरत जाते. इथे सिंहासन रिकामे होत नाही, कारण सिंहासन नव्हतेच. आटते ती वीण.

मुंग्यांवरून माणसांवर येण्याच्या ह्या वाटेने पंडितही गेलेले आहेत. एडवर्ड विल्सन हा विसाव्या शतकातला मुंग्यांचा मोठा अभ्यासक. बर्ट होल्डॉब्लरसह त्याने ओंबिलीवर केलेले काम आजही मूलभूत मानले जाते. १९७५ साली त्याने प्राण्यांच्या समाजजीवनावरील आपल्या विशाल ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात माणसालाही त्याच मांडणीत घेतले आणि वादळ उठले. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड ल्युऑन्टिन हे त्याच्याच विद्यापीठातले सहकारी विरोधकांत होते, आणि १९७८ साली वॉशिंग्टनच्या एका सभेत निदर्शकांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतले. डोक्यावर पाणी ओतणे हा युक्तिवाद नव्हे. पण ‘स्वाभाविक’ ह्या शब्दाची ज्यांनी किंमत मोजली आहे त्यांचा संताप आम्हांला कळतो.

मात्र रूपक टाळायचे ठरवले तरी ते टळत नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे. होल्डॉब्लरने ऑस्ट्रेलियातल्या ओंबिलींचा अभ्यास करताना पाहिले की वसाहतीच्या हद्दीवरच्या घरट्यांत प्रामुख्याने वयस्क कामकरिणी असतात. तरुण मुंग्या आत, पिल्लांपाशी. वय झाले की त्या कडेला सरकतात, आणि शेजारच्या वसाहतीशी गाठ पडली तर पहिल्या मरतात त्या ह्याच. हे वाचले आणि आमच्यासमोर आमची आत्या उभी राहिली. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली, चाळीस वर्षे घरातल्या सगळ्यांच्या बाळंतपणांत आणि आजारपणांत राबलेली. उतारवयात तिची खाट बागेच्या टोकाच्या मांगरात गेली. चैत्र-वैशाखात आंब्यांची राखण करायला म्हणून गेली ती पावसातही परत आली नाही. “तिका थयच बरा वाटता,” असे घरात म्हणत. आम्हीही लहानपणी तेच मानीत होतो. ओंबिलींच्या वाटा तिला पाठ होत्या. कोणत्या फांदीवर हात ठेवायचा नाही, हे ती काळोखात सांगे.

मुंगीच्या बाबतीत हिशोब समजण्यासारखा आहे. जिचे दिवस थोडे उरले ती गेल्याने वसाहतीचे नुकसान कमी. हा हिशोब कुणी मांडलेला नाही, निवडीच्या लक्षावधी वर्षांनी तो घडवलेला आहे. आत्याच्या खाटेचा हिशोब मात्र माणसांनी मांडला होता, माजघरात बसून, आणि त्यात जागा, जेवण आणि सोवळेओवळे ह्या बाबी धरलेल्या होत्या. दोन्ही चित्रे एकमेकांवर इतकी चपखल बसतात की आम्हांला त्या चपखलपणाचीच भीती वाटते. आत्या हद्दीवरची म्हातारी मुंगी होती असे लिहिले की वाक्य सुंदर होते आणि माजघरातली माणसे सुटतात.

असो. गेल्या चैत्रात हा सगळा विषय अगदी व्यावहारिक रूपात आमच्यापुढे आला. बाग पाहणारे आमचे चुलत बंधू म्हणाले, “दादा, ह्या वर्षी ओंबिलीवर औषध मारूचाच. गडी चढणत नाय.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. झेल्याने आंबे काढायला फांदीवर उभे राहावे लागते, आणि दोन्ही हात झेल्यावर असताना मानेवर ओंबील उतरली तर माणूस पडूही शकतो. शिवाय ह्या मुंग्या गोड स्रावासाठी पिठ्या ढेकणांना आणि खवले किडीला सांभाळतात. त्या स्रावावर काळी बुरशी धरते आणि आंब्याचा भाव पडतो.

आमची बाजूही रिकामी नव्हती. चीनमध्ये संत्र्यांच्या बागांत किडी मारण्यासाठी ह्याच मुंग्यांची घरटी पिशव्यांतून विकत आणून झाडांना बांधीत. त्याची नोंद परंपरेने इ. स. ३०४च्या मानल्या गेलेल्या एका वनस्पतिग्रंथात आहे. पुढे एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी मुंग्यांना बांबूचे पूल करून देण्याचीही तिथे रीत होती. अलीकडच्या काळात उत्तर ऑस्ट्रेलियात पेंग आणि ख्रिश्चन ह्या संशोधकांनी आंबा आणि काजूच्या बागांत ओंबिलींचा कीडनियंत्रणासाठी उपयोग करून दाखवला. आफ्रिकेत बेनिनमध्ये आंब्याच्या फळमाशीवर तिथल्या जातीचा परिणाम व्हॅन मेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली नोंदवला. हे आम्ही बंधूंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पलीकडे विडी ओढत बसलेला म्हातारा गडी मात्र म्हणाला, “तुमी तेंका वाचतास, आमका त्यो चावतत.”

वाचन आणि चावा ह्यांतले अंतर इतक्या थोड्या शब्दांत आम्हांला वर्गात कधी सांगता आले नव्हते. त्याच्या बोलण्यानंतर आमच्या बाजूने आणखी दाखले काढणे अप्रशस्त झाले असते. तडजोड झाली ती अशी. औषध मारायचे नाही. हापूसच्या ज्या फांद्यांवर चढायचे त्यांवरची घरटी आदल्या संध्याकाळी डहाळीसकट उतरवून परड्यातल्या रायवळावर टाकायची. रायवळाला कुणी हात लावायचा नाही. त्याचे आंबे पडतील तसे वेचायचे. गड्यांनी हातापायांना चुलीतली राख चोळून चढायचे, आणि त्यांची मजुरी त्या दिवसांपुरती वाढवायची. मजुरीचे कलम म्हाताऱ्या गड्याने घातले.

दुसऱ्या दिवशी राखेने पांढरे झालेले चार गडी कलमांवर चढले. चावे कमी झाले, थांबले नाहीत. दुपारपर्यंत अकरा पेट्या भरल्या. त्यांतल्या दोनांवर बंधूंनी काळे डाग म्हणून खूण केली आणि आमच्याकडे पाहिले. रायवळावर टाकलेल्या डहाळ्यांची पाने संध्याकाळपर्यंत मलूल झाली होती, आणि एका जाड फांदीवर नव्या पानाच्या काठाला सातआठ मुंग्या लागल्या होत्या. त्या रायवळाच्या मूळच्या होत्या की कलमांवरून आलेल्या, ते खालून ओळखता येत नव्हते.